पक्ष्यांचा उपद्रव

जाहिरात दलालानं स्वतः लिहिली होती, आणि ती मोठ्यानं वाचताना त्याला स्वतःचंच कौतुक आवरत नव्हतं.

“‘शहराच्या ऐन मध्यावर, वारसा यादीत नोंदलेली ऐतिहासिक हवेली. तीन मजले, दगडी दर्शनी भाग, मूळ लाकडी जिना. पुनर्विकासास भरपूर वाव.’ कसं वाटतं, मोजणीबाई?”

मोजणीबाई म्हणजे त्या कचेरीत घरांची मापं घेणाऱ्या बाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. हातात टेप, कानामागे पेन्सिल आणि तोंडात बेताचे शब्द, असं वीस वर्षं चाललं होतं.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या.

“नुसतं बरं? अहो, त्या ‘वाव’ शब्दावर तर सगळं उभं आहे!” दलालानं खात्याच्या नोंदीची प्रत पुढ्यात ओढली. वारसा यादीचा कायदा साधा होता. घराच्या प्रत्येक खोलीपुढे एक शब्द लिहिलेला असतो, ‘मूळ’ किंवा ‘नंतरचे’. मूळ असेल तिथे भिंतीत खिळाही ठोकायची सोय नाही. नंतरचे असेल ते खुशाल पाडा. हवेलीचं मागचं दालन पाडलं की मागच्या अंगणासकट आठ मजली इमारतीपुरती जागा मोकळी होत होती, आणि बिल्डर हवेली घेत होता तो त्याच आशेवर.

“ऐका,” दलाल म्हणाला. “‘मागचे दालन : नंतरचे. विशेष महत्त्व नाही. पक्ष्यांचा उपद्रव.’ ज्यानं कुणी हे लिहिलं ना, त्याच्या तोंडात साखर पडो!”

मोजणीबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत तिथेच खोचली. कारण लिहिणारा नव्हता, लिहिणारी होती, आणि तिची आडवी सही त्या प्रतीच्या तळाशी इतकी ठसठशीत होती की दलालाला ती ओळखू आली नाही हेच नवल.

ती गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्यांना बाई कुणी म्हणत नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरतं आपणही ‘ती’ म्हणू. परीक्षा देऊन ती वारसा खात्यात कनिष्ठ कारकून म्हणून लागली होती. आजूबाजूला सगळी वकिलांची आणि प्राध्यापकांची मुलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? “बांधकामात आहेत,” ती म्हणाली. ऐकणाऱ्यांनी त्याचा इंजिनिअर करून घेतला आणि तिनं करू दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडील गवंडी होते. त्यातही चुन्याचा गिलावा करणारे, जुन्या घरांची छतं आणि नक्षी दुरुस्त करणारे. त्यांच्या नखांतला चुना सुटीच्या दिवशीही निघत नसे.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मोठे अधिकारी तिला घेऊन या हवेलीच्या नोंदीला आले. बाबांचं काम हल्ली कुठे चालू आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ते विचारणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. दर्शनी दालन झालं, जिना झाला, वरचे सज्जे झाले. शेवटी दोघं मागच्या दालनाच्या दाराशी आली. आत छतापर्यंत परांची बांधलेली होती, आणि परांचीवर फाटक्या बनियनमधला, कोपरापर्यंत पांढराफटक झालेला एक माणूस. त्यानं खाली पाहिलं. आपली पोरगी, हातात सरकारी वही, शेजारी साहेब! त्याचा ऊर भरून आला असणार, नाहीतर कामाच्या जागी तो कधी मोठ्यानं बोलत नसे.

“चिमणे!” त्यानं हाक मारली.

अधिकारी थबकले. “कुणाला हाक मारतोय तो?”

“चिमणी शिरली असेल आत,” ती म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“आत जाऊन बघू या का?”

“नको सर. ओलं काम आहे, कपडे खराब होतील. सगळं नंतरचंच दिसतंय. कुणीतरी गवंडी लिंपतोय.”

अधिकाऱ्यांना धुळीचं वावडं होतं. “मग लिहा तसं. आणि पक्ष्यांचंही लिहा, उगाच नंतर बोंब नको.”

तिनं उंबऱ्यावर उभ्या उभ्याच लिहिलं. वरून दुसरी हाक आली नाही. संध्याकाळी बाबा घरी आले, हात धुतले, “आज काम लांबलं,” एवढंच म्हणाले. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्या उंचावर आपलं बोलणं कुठलं ऐकू जातंय? बाबांना वाटलं असेल, पोरीला हाकच ऐकू आली नाही. या एका समजुतीवर तिनं पुढची तीस वर्षं काढली. समजूत घट्ट होती, फक्त रोज थोडी दाबून बसवावी लागायची.

खात्यातली नोकरी पुढे सुटली, बाबा म्हातारे होऊन तिच्याकडे राहायला आले, आणि आता ही हवेली विकायची मापं नेमकी मोजणीबाईंच्याच वाट्याला आली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

हवेलीची मालकीण डोळ्यांची डॉक्टर होती. पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी हात टेकलेले, पण जीभ अजून ताठ. तिला लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या हव्या होत्या. जिन्यांशी भांडण्यात उरलेलं आयुष्य घालवायचं नव्हतं.

“हे दालन माझं पेशंट बसवायचं,” मागचं दार ढकलत डॉक्टर म्हणाल्या. “डोळ्यांत थेंब घातले की माना मागे टाकून बसायचे सगळे, छताकडे बघत. एक शिंपी होता, तो म्हणायचा, बाई, धूसर दिसतंय तरी वर काहीतरी छान आहे एवढं कळतं.”

मोजणीबाईंनी उंबरा ओलांडला. तीस वर्षांनी. टेपचं टोक भिंतीला लावायचं सोडून त्या वर बघत राहिल्या. छत मध्यभागी घुमटासारखं किंचित फुगलेलं, आणि त्यावर कडेकडेनं चुन्यातली वेल फिरलेली. साच्यातून काढलेल्या नक्षीचं पान न् पान सारखं असतं. इथे कुठलंच पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाची शीर डावीकडे वळली होती, एकाचं टोक दुमडलं होतं. ओल्या चुन्यात हातानं कोरलेलं काम, घराइतकंच जुनं. चारशे घरं मोजलेल्या बाईला ते कळायला एक मिनिटही लागलं नाही. त्या दिवशी आत दहा पावलं टाकली असती तर तेव्हाही कळलं असतं. गवंड्याच्या पोटी जन्मलेल्या पोरीला जुना चुना आणि नवा चुना यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही.

“सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, हे छत घराच्या बरोबरचं आहे,” डॉक्टर सांगत होत्या. “मी त्यांना खात्याचा कागद दाखवला. गप्प बसले बिचारे. सरकारी कागदापुढे म्हाताऱ्याचं काय चालणार? आणि ते पक्ष्यांचं. खात्याचं पत्र आलं म्हणून झरोक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या. पक्षी मात्र मी जन्मात पाहिला नाही इथे.”

मोजणीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं खोटं आपल्यापुरतंच राहिलं असं त्यांना वाटत होतं. ते खोटं इथे राहून एका म्हाताऱ्याला खोटं पाडून गेलं होतं, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

कचेरीत दलालानं कागद पुढे सरकवला. ‘नोंदीतील वर्णन प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे.’ खाली सहीची रेघ.

“एवढी सही करा, की मी बिल्डरला बोलावतो.”

“उद्या करते,” त्या म्हणाल्या. सही करावी तर छत जातं. न करावी तर कारण सांगावं लागतं, आणि कारणाच्या शेपटीला ती चिमणी बांधलेली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

घरी बाबा खिडकीशी बसून तळहाताला तेल चोळत होते. एक्याऐंशी वर्षांचे झाले तरी चुन्यानं पडलेल्या भेगा बुजल्या नव्हत्या. आज कुठलं घर मोजलंस, असं ते रोज विचारत. त्या रोज सांगत. आजही सांगितलं.

“मध्यावरची हवेली. विकतायत.”

“मागच्या दालनाची?” बाबांचे डोळे लकाकले. “छत कसं आहे गं?”

“आहे चांगलं.”

“माझं ठिगळ दिसलं का तुला?”

“नाही दिसलं.”

“मग बरोबर जमलंय!” म्हातारा खुशीत हसला. “कोपऱ्यात वर चढायची झडप आहे बघ. तिथून मी छताच्या पाठीवर हात घातला होता. ज्यानं ते छत केलं ना, त्यानं पाठीमागे ओल्या चुन्यात आपला पंजा उमटवलाय आणि खाली साल. दर्शनी दारावर दगडात कोरलंय तेच. कुणाला दिसायला नको म्हणून वर. मी कुणाला बोललो नाही. त्याची सही त्याच्यापाशी.” मग थोडं थांबून म्हणाले, “विकण्याआधी एकदा दाखवशील का मला? नुसतं खालून बघीन.”

“बघू,” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्या बराच वेळ नळापुढे उभ्या राहिल्या. पंजा आणि साल. पुरावा तर छताच्या पाठीवरच होता, आणि तो ठाऊक असलेला जगातला एकमेव माणूस खिडकीशी बसून तेल चोळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली नाही. खात्याला पत्र लिहिलं. पण खोड बघा माणसाची. पत्रातही त्या सरळ चालल्या नाहीत. ‘पाहणीच्या दिवशी मागचे दालन बंद असल्याने नोंद अपुरी राहिली,’ असं त्यांनी लिहिलं. म्हणजे एक खोटं निस्तरायला दुसरं.

खात्यातली नवी अधिकारी तिशीची होती आणि तिला धुळीचं वावडं नव्हतं. आठवड्याभरात ती कचेरीत येऊन बसली, जुनी नोंद उघडून.

“दालन बंद होतं म्हणता. मग आतल्या पक्ष्यांचा उपद्रव कसा दिसला?”

दलाल शेजारीच होता. त्याची मान मोजणीबाईंकडे वळली, मग सहीकडे, मग पुन्हा मोजणीबाईंकडे.

“बंद नव्हतं,” मोजणीबाई म्हणाल्या. “उघडं होतं. मी आत गेले नाही.”

“का?”

“आत गवंडी काम करत होता.”

“तो हयात आहे का? त्याची साक्ष मिळाली तर फार बरं होईल.”

प्रश्न साधा होता. नाही म्हणणं आजही तितकंच सोपं होतं. मोजणीबाईंनी टेबलाची कड धरली. कानशिलं तापली होती, आणि चोपन्नाव्या वर्षी आपल्याला इतकं लाजता येतं याचीच त्यांना लाज वाटली.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “ते माझे वडील आहेत.”

अधिकारीण बाईंनी नुसतं लिहून घेतलं. ज्या वाक्याला तीस वर्षं लागली ते लिहायला तिला तीन सेकंद पुरले. दलाल मात्र ती गेल्यावर फुटला.

“मोजणीबाई, ज्या फांदीवर बसलात तीच तोडताय! बिल्डर पळाला तर डॉक्टरीणबाईंना काय सांगू?”

“मी सांगते,” त्या म्हणाल्या, आणि खरंच जाऊन सांगितलं.  “घर विकायला आणखी वर्षभर लागलं तर लागू दे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण सासऱ्यांची माफी मी आता कुणाकडे मागू?”  मोजणीबाई मान खाली घालून जिना उतरल्या.

एक गोष्ट उरली होती, आणि ती सगळ्यांत अवघड होती. साक्षीदाराला आधी जुनी नोंद पूर्ण वाचून दाखवायची, असा खात्याचा नियम. साक्षीच्या सकाळी मोजणीबाईंनी अधिकारीण बाईंना व्हरांड्यात गाठलं.

“ते पक्ष्यांचं वाक्य तेवढं वगळता येईल का? छताशी त्याचा काही संबंध नाही.”

“पूर्ण वाचावी लागते हो. तुम्हीही खात्यात होतात, तुम्हाला माहीत आहे.”

बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. दालनात शिरताच मान मागे टाकून उभे राहिले, डॉक्टरांच्या पेशंटसारखे. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. मोजणीबाई भिंतीला टेकल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही.

“‘मागचे दालन,’” अधिकारीण वाचू लागली. “‘नंतरचे. विशेष महत्त्व नाही. पक्ष्यांचा उपद्रव.’ यावर तुमचं म्हणणं?”

 बाबांनी लेकीकडे पाहिलं नाही. एवढ्या काळजीनं पाहिलं नाही, की तेच मोजणीबाईंना बोचलं.

“नंतरचे हे चूक,” ते म्हणाले. “छत मूळचं आहे. माझं एक ठिगळ आहे, ताटाएवढं. त्याच्या पाठीशी वर पंजा आणि साल आहे. चढून दाखवतो.”

“आजोबा, तुम्हाला नाही चढू देणार मी.”

“मग हिला चढवा. शिड्यांची सवय आहे तिला.” आणि भरल्या दालनात, डॉक्टर, दलाल आणि खात्याच्या बाईंसमोर त्यांनी हाक मारली, “चिमणे, चढ.”

“हो बाबा,” मोजणीबाई म्हणाल्या. 

चाकांची परांची कोपऱ्यात लावलेली होती. त्या वर गेल्या, झडप ढकलली, बॅटरी आत धरली. जुन्या लाकडी पट्ट्यांमधून मागे आलेला चुना, धूळ, आणि धुळीखाली पंजा. पाच बोटं, अंगठ्याशी चुन्याची गुठळी, खाली साल. दारावरचंच. शेजारी ताटाएवढा पांढरा तुकडा, कडा इतक्या बेमालूम की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

“सापडलं!” त्यांनी ओरडून सांगितलं, फोटो काढले आणि खाली पाहिलं.

दार समोरच होतं. बाबा आता खुर्चीतून उठून अधिकारीण बाईंबरोबर दाराशी गेले होते, जवळजवळ त्याच उंबऱ्यावर. वरून त्यांच्या सदऱ्याची बटणं मोजता येत होती. अधिकारीण बाईंच्या हातातल्या पेनाचं टोपणसुद्धा दिसत होतं.

“मग आजोबा, ‘नंतरचे’ खोडून ‘मूळ’ करते. पक्ष्यांचंही खोडू ना? डॉक्टर म्हणतात पक्षी नव्हताच.”

बाबांनी आवाज खाली आणला, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. पण फुगीर छताखाली दाराशी केलेली कुजबूज भिंतीवरून सरकत थेट परांचीवर येते. मोजणीबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला, कानाशी बोलल्यासारखा.

“होती एक चिमणी,” बाबा म्हणत होते. “दारापर्यंत आली होती. पक्षी राहू द्या. उपद्रव तेवढा खोडा.”

मोजणीबाईंचा हात झडपेवरच राहिला. इथून सगळं दिसतं. इथून सगळं ऐकू येतं. तीस वर्षांपूर्वीही येत होतं.

“चिमणे, उतर आता,” खालून बाबांनी मोठ्यानं सांगितलं. “हळू, शेवटची पायरी डुगडुगतेय.”

मोजणीबाईंनी तोंड छताकडेच ठेवलं, आणि पायानं चाचपत एकेक पायरी उतरू लागल्या.